मधुमेह आणि ‘रक्त कमी’: बाईचं वेगळं, पुरुषाचं वेगळं

‘अंगात रक्त कमी’ हे दुखणं बायकांचं, असं आपण धरूनच चालतो. आकडेही त्याला दुजोरा देतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, तर पुरुषांपैकी २५ टक्क्यांना. पण हे आकडे पन्नाशीच्या आतले आहेत. मधुमेहाचे कितीतरी रुग्ण त्यापुढच्या वयाचे असतात आणि तिथे पुरुषांकडे डोळेझाक होते.

त्याचं एक कारण म्हणजे ‘बारा हिमोग्लोबिन म्हणजे ठीक’ ही समजूत. बारा ही गरोदर नसलेल्या स्त्रीची किमान पातळी आहे. पुरुषाची तेरा आहे. साडेबारावाला पुरुष रक्तक्षयीच, आणि त्याचा थकवा मात्र साखरेच्या किंवा वयाच्या नावावर खपतो.

टाइप २ मधुमेह असलेल्या बऱ्याच पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कमी असतं. हे संप्रेरक रक्तपेशींच्या निर्मितीला चालना देतं, त्यामुळे ते घटलं की हिमोग्लोबिनही घसरतं. पुरुषात लोहच कमी निघालं, तर नुसत्या गोळ्या देऊन थांबणं धोक्याचं. पाळी नाही, मग लोह गेलं कुठे? अल्सर, मूळव्याध, आतड्याचा कर्करोग तपासायला हवा; हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर अधिकच. पाळी गेलेल्या बाईलाही हेच लागू.

पाळी चालू असलेल्या बाईचा घोळ निराळा. लोह कमी असेल तर तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू शकते. अशा वेळी औषधाचा डोस वाढवण्याआधी ग्लुकोमीटरचे आकडे पडताळून पाहावेत. उलट सिकलसेल असेल, तर तांबड्या पेशी लवकर मरतात आणि हाच आकडा फसवा कमी येतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे हे विसरून चालणार नाही.

‘क्रिएटिनिन नॉर्मल, म्हणजे मूत्रपिंडाचा संबंध नाही’ हेही खरं नाही. रक्त बनवण्याचा इशारा देणारं एरिथ्रोपोएटिन मूत्रपिंडातच तयार होतं. मधुमेहात त्याची निर्मिती क्रिएटिनिन वाढण्याआधीच मंदावू शकते, स्त्री असो वा पुरुष. म्हणून लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणीही हवी.

गूळ-खजुराने रक्त भरून निघत नाही, साखर मात्र चढते. त्यापेक्षा अन्नातलं लोह नीट शोषलं जावं म्हणून उसळीवर लिंबू पिळावं आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये.

राहिलं बी-१२. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्याने ते शरीरात कमी शोषलं जातं, आणि शाकाहारी माणसाच्या तर आहारातच ते कमी असतं. तळपायांना मुंग्या आल्या की ‘शुगरमुळेच’ असं म्हणून सोडून दिलं जातं. त्यामागे बी-१२ ची कमतरता असू शकते, आणि वेळेत इंजेक्शनं-गोळ्या मिळाल्या तर रक्तही सुधारतं, मुंग्याही कमी होतात. मेटफॉर्मिन मात्र मनाने बंद करू नये. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सीबीसीसोबत फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी) आणि बी-१२ लिहून द्यायला सांगावं.