जोंगाच्या सहा ठिणग्या

संपादकांना जोंगा हवी होती. जबलपूरला बनलेली लष्कराची ती रुंद, ठेंगणी गाडी, तिची जन्मकथा, जमल्यास दोन-चार जुने फोटो. जन्मकथा लांबलचक नाही. तोफांचे गाडे बनवायला १९०४ साली जबलपुरात गन कॅरेज फॅक्टरी आली. पन्नासच्या दशकाच्या शेवटी जर्मन 'मान' कंपनीच्या परवान्यावर शक्तिमान ट्रकचं काम तिथेच सुरू झालं. १९६९ साली खास गाड्यांसाठी व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली आणि निस्सानच्या 'पॅट्रोल'वरून घडवलेली जोंगा तिथून बाहेर पडू लागली. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली' या शब्दांची आद्याक्षरं जुळवून केलेलं हे नाव. १९९९च्या सुमारास उत्पादन थांबलं. पुढे २०२१च्या ऑक्टोबरात ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डच विसर्जित झालं आणि व्हेइकल फॅक्टरी आर्मर्ड व्हेइकल्स निगमाकडे गेली.

फॅक्टरीच्या फाटकातून आत जायची परवानगी मिळण्यासारखी नव्हती, म्हणून गोरखपूर गाठलं. उत्तर प्रदेशातलं नव्हे. जबलपूर शहरातला हा बाजारभाग. लष्कराने लिलावात काढलेल्या गाड्या कुठे ना कुठे दुरुस्तीला येणारच, एवढ्याच अंदाजावर निघालो होतो. इथे मराठी कानावर पडलं तर दचकू नये. भोसल्यांच्या अमलापासून मराठी माणसं या गावात आहेत, आणि १९५६ पर्यंत जबलपूरची राजधानी नागपूरच होती. मला भेटलेले मिस्त्री याच वस्तीतले. गल्लीत सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही तेच म्हणू लागलो. त्यांचं मराठी अर्धं हिंदीत भिजलेलं. "ते मिसिंग करून राहिली ना गाडी, ते सुनून घ्या आधी," असं म्हणून त्यांनी बॉनेट वर केलं, आणि इतिहास तिथेच राहिला.

बॉनेटखाली ३९५६ सीसीचं, एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं पेट्रोल इंजिन. डिझेलच्या शक्तिमानला स्पार्क प्लग नाहीतच, जोंगाला सहा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल तर प्रत्येक प्लगला सेकंदाला २५ वेळा ठिणगी टाकावी लागते, सगळे मिळून दीडशे. बॅटरीच्या १२ व्होल्टांतून कॉइल वीसेक हजार व्होल्ट उभे करते, डिस्ट्रिब्यूटरमधला रोटर ते एकेका वायरीला वाटतो, आणि प्लगच्या टोकाशी एक मिलिमीटरहूनही कमी फटीत काम होतं किंवा फसतं. ही फट म्हणजेच गॅप. मामांच्या गल्ल्यात फिलर गेज होतं, त्याच्या पात्यांवरचे आकडे घासून गेलेले. पण पाती त्यांना बोटांनीच ओळखू येत होती.

त्यांनी सहाही प्लग खोलून कापडावर ओळीने मांडले, कुठला कुठल्या सिलिंडरचा हे न चुकवता. चार प्लगांची टोकं फिक्या तपकिरी रंगाची होती, म्हणजे ज्वलन ठीक. एकावर कोरडी काळी काजळी: पेट्रोल जास्त जातंय किंवा ठिणगी दुबळी. सहावा तेलकट, ओला काळा. तो प्लगचा दोष नव्हताच. रिंगा झिजून ऑइल वर चढत होतं, आणि त्या सिलिंडरला कितीही महाग प्लग लावला तरी तो असाच ओला निघाला असता. टोक पांढरंफटक पडून त्यावर फोड आले असतील तर मिश्रण पातळ आहे, टायमिंग पुढे सरकलंय किंवा प्लग त्या इंजिनासाठी फार गरम आहे. डॉक्टरने जीभ पाहावी तसा प्लग पाहायचा असतो. मात्र गाडी दहा मिनिटं उभ्याउभ्या चालवून प्लग काढला तर तो फक्त त्या दहा मिनिटांचंच सांगतो. रस्त्यावर जोर लावून चालवावी, तिथेच इंजिन बंद करावं आणि मग पाहावं.

'गरम' आणि 'थंड' या शब्दांनी मात्र पुष्कळांना फसवलंय. गरम प्लगची ठिणगी जास्त गरम असते असं दुकानदारसुद्धा सांगतात. तसं काही नसतं. आतल्या चिनीमातीसारख्या पांढऱ्या नळीचं नाक लांब असेल तर उष्णता हेडपर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि टोक तापलेलं राहतं; तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता लवकर निघून जाते, तो थंड. टोकाचं तापमान साधारण ४५० अंशांच्या वर राहिलं तर काजळी आपोआप जळते. ८५० अंशांच्या पुढे गेलं की टोकच निखारा होतं आणि ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवू लागतं. प्लग निवडायचा म्हणजे गाडीच्या रोजच्या वापरात टोक या दोन आकड्यांच्या मधे राहील असा निवडायचा. ताफ्यात रांगत जाणारी गाडी आणि हायवेवर धावणारी गाडी, इंजिन तेच असलं तरी दोघींचं उत्तर एक नसतं.

कंपन्यांनी यात वेगळीच भर घातलीय. बॉशच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग गरम. एनजीकेचं बरोबर उलट. आकडा मोठा म्हणजे थंड. चॅम्पियन बॉशसारखं, डेन्सो एनजीकेसारखं. एका कंपनीचा आठ नंबर निघाला म्हणून दुसऱ्या कंपनीचा आठ बसवणारा इंजिनाशी जुगार खेळत असतो. त्यावर आट्यांची लांबी. आटे लहान पडले तर ठिणगी खाचेत दडते, जास्त लांब निघाले तर काही इंजिनांत पिस्टन येऊन आदळतो. ज्या मागच्या पिढ्यांना मिको कंपनीचा प्लग म्हणजेच प्लग एवढंच ठाऊक होतं, त्यांची डोकेदुखी खरोखर कमी होती.

गॅप करताना मामा फक्त बाजूचा वाकडा हात हलवतात, मधल्या दांडीला पाना टेकू देत नाहीत. मधे टेकवून उचकटलं की पांढरी नळी तडकते, आणि ती तड डोळ्यांना दिसत नाही. पॉइंटवाल्या, म्हणजे कॉइलचा प्रवाह यांत्रिक संपर्काने तोडणाऱ्या जुन्या इग्निशनला पाऊण मिलिमीटरच्या आसपास गॅप लागतो, इलेक्ट्रॉनिकला एक मिलिमीटर किंवा थोडा जास्त. गॅप मोठा तर ठिणगी लांब आणि मिश्रण नीट पेटतं, पण ती उडवायला व्होल्ट जास्त लागतात. सिलिंडरमधला दाब वाढला की आणखी जास्त. म्हणून जबलपुरात सपाटीवर शहाण्यासारखी चालणारी गाडी नागपूरच्या वाटेवर कुरईच्या घाटात मिसिंग करते. मालक कार्ब्युरेटर साफ करत बसतो. दोष गॅपात किंवा वायरीत असतो.

या गावाचा वायरींशी एक संबंध आहे, तो मला फार आवडला. लष्कराच्या सिग्नल कोअरचं प्रशिक्षण केंद्र जबलपुरात आहे, आणि ठिणगी म्हणजे मुळात छोटा रेडिओ ट्रान्समीटर. मार्कोनीचे सुरुवातीचे संदेश ठिणगीनेच गेले होते. साध्या तांब्याच्या वायरीची गाडी वायरलेस सेटशेजारी उभी केली की सेटमधून खरखर सुरू होते. ती दाबायला वायरीत मुद्दाम अडथळा घालतात: कार्बन मुरवलेल्या धाग्याचा गाभा, किंवा प्लगमध्येच पाचेक हजार ओहमचा रेझिस्टर. मामांनी मीटर लावून दाखवलं. लांबीनुसार काही हजार ओहम दाखवले तर वायर ठीक, आकडाच आला नाही तर धागा आत तुटलाय. आणि तो तुटतो बहुतेक माणसाच्या हातून. टोपी धरून ओढायची सोडून लोक वायरच ओढतात. पावसाळ्यात अंधारात बॉनेट उघडून वायरींवर थोडं पाणी फवारलं तर गळणाऱ्या जागी निळ्या ठिणग्या सरपटताना दिसतात. हात मात्र पाठीमागे ठेवायचे.

इथवर सगळं शिकता येण्याजोगं आहे. अडचण सामानाची आहे. बाजारात नकली प्लग आहेत. छपाई, खोका, सगळं हुबेहूब, आणि नळीचा दर्जा कसा तो बसवल्यावरच कळतो. इरिडियमचे बारीक टोकाचे प्लग मिळतात, पण ते टोक इतकं नाजूक की गॅप तपासायला गेज आत सरकवलं तरी तुटायची भीती. झिजलेल्या रिंगांच्या इंजिनात ते लावणं म्हणजे पैसे तेलात बुडवणं. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येतं. जुन्या कार्ब्युरेटरला ते पातळ पडतं, म्हणजे प्लगचा रंग पांढऱ्याकडे झुकू लागतो आणि ज्या रंगांवर मामांच्या पिढीचा हिशोब बसलाय तोच हलतो. कार्ब्युरेटरचा जेट बदलावा लागतो. जेट मिळायला हवा, हा वेगळा मुद्दा.

आणि शिकणार कोण? नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसते. डिस्ट्रिब्यूटर गेला, लांब वायरी गेल्या, गॅप कारखान्यातूनच ठरून येतो. मामांच्या हाताखालचा पोरगा स्कॅनर लावून कुठलं सिलिंडर मिस करतंय ते क्षणात सांगतो, ते चांगलंच आहे. पण का मिस करतंय हे स्कॅनर पुष्कळदा सांगत नाही, आणि काढलेला प्लग पोरगा न पाहताच भंगारात टाकतो. हे मला मामांपेक्षाही जास्त खटकलं. ते नुसते हसले.

लिलावातल्या जोंगा हौसेने घेणारे आहेत. महेंद्रसिंह धोनीने एक घेतल्याच्या बातम्या २०१९ साली झळकल्यावर त्यांची संख्या वाढली असावी. त्यातले बरेच जण पेट्रोलचा खर्च पाहून मूळ इंजिन काढतात आणि डिझेलचं बसवतात. मग प्लग नाही, गॅप नाही, वायर नाही, प्रश्नच मिटला. मामांकडे आलेल्या मालकाला तसं करायचं नव्हतं. त्याला पॉइंट काढून डिस्ट्रिब्यूटरमध्ये इलेक्ट्रॉनिक किट हवं होतं. मामांनी नाही म्हटलं नाही, फक्त हिशोब मांडला. किटसोबत जोरदार कॉइल आली, कॉइल आली की गॅप वाढवायचा, गॅप वाढला की व्होल्ट वाढणार, ते जुन्या वायरींतून फुटणार, म्हणून सिलिकॉनच्या जाड वायरी. वायरी निभावून नेतील, पण डिस्ट्रिब्यूटरची कॅप जुनीच आहे. तिच्या आत केसाएवढी काळी रेघ उमटली की एका सिलिंडरची ठिणगी दुसऱ्याकडे पळते. वायरी मापाने कापून बनवता येतात, प्लग दुसऱ्या कंपनीचा जुळवता येतो. कॅप बनवता येत नाही. मालक ती दिल्लीत शोधतोय, तोवर पॉइंट आणि पाऊण मिलिमीटरचा गॅपच चालू आहे.