लेखांक ५ : डेंटिस्टला सुपारीबद्दल सांगा

तोंड, घसा आणि स्वरयंत्राची रचना आपण मागच्या लेखांकांत पाहिली. आता या भागांचा कर्करोग कुणाला गाठतो ते पाहू. देश बदलला की कारणंही बदलतात, आणि अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेलमधल्या मराठी घरांना दोन्ही देशांची कारणं लागू पडतात.

भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग आज पहिल्या क्रमांकावर आहे. २०२२ साली देशात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळल्याचा अंदाज आहे. २०१६-१७च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात सिगारेट-विडी ओढणारे शंभरात चारच्या आसपास होते. तंबाखू चघळणारे, मिश्री लावणारे जवळजवळ पंचवीस. म्हणून आपल्याकडे रोग बहुतेकदा गाल आणि हिरडीच्या मधल्या खाचेत सुरू होतो, जिथे तंबाखूचा बार भरून ठेवलेला असतो. तंबाखूच्या जोडीला दारू असेल, तर धोका नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त वाढतो.

सुपारीकडे मात्र अजूनही कुणी गांभीर्यानं पाहत नाही. जेवणानंतरची, पूजेतली, पाहुण्यापुढे तबकातून येणारी, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ सालीच तंबाखूविना सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं. सुपारीनं गालाची आतली त्वचा कडक होत जाते, तिखट सोसत नाही, आणि एक दिवस तोंडात आपली तीन बोटं उभी मावेनाशी होतात. शरद पवारांना तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. सुपारीबद्दल कुणी वेळीच सावध करायला हवं होतं, असं ते जाहीरपणे सांगत आले आहेत.

अमेरिकेतलं मोठं कारण वेगळं आहे. इथे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्क्यांमागे एचपीव्ही हा विषाणू असतो. आयुष्यात सिगारेटला न शिवलेल्या माणसालाही हा कर्करोग होतो, आणि पहिली खूण पुष्कळदा मानेतली न दुखणारी गाठ असते. या विषाणूवर लस आहे. ती फक्त मुलींची, हा आपल्याकडचा समज मला फार घातक वाटतो. अमेरिकेत ती अकरा-बाराव्या वर्षी मुलग्यांनाही देतात, नवव्या वर्षापासूनही देता येते. वॉशिंग्टन राज्यात १९ वर्षांखालच्यांसाठी लशीचे पैसे पडत नाहीत. काही ठिकाणी टोचण्याचं शुल्क तेवढं घेतात.

सीजेनसारखी कर्करोगावरची औषधं शोधणारी कंपनी बॉथेलमध्येच वाढली. पण इथल्या दवाखान्यातल्या फॉर्मवर तंबाखूचा प्रश्न असतो, सुपारीचा बहुधा नसतो. तो विचारला जाईल याची वाट न पाहता डेंटिस्टला आपणहून सांगा. सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांच्या पिशवीत सुपारी किंवा मिश्रीची डबी असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. तोंडातला पांढरा-लाल चट्टा किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत बरी झाली नाही, आवाज बसलेलाच राहिला, तर दुखत नसलं तरी दाखवा.

पुढच्या आठवड्यात : बायॉप्सी कशी करतात आणि तिची भीती का नको.