‘माहीत होते’ हे सिद्ध कसे करणार?

एखादी कंपनी स्वतःच राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे येऊन सांगते, ‘आमचे कर्ज थकले आहे, नादारीची प्रक्रिया सुरू करा.’ अर्ज दाखल करून घेतला गेला की स्थगितीचा काळ सुरू होतो. धनकोंचे दावे, वसुली, जप्ती सारे थांबते. समजा, बँकेने परतफेडीची मुदत आधीच वाढवून दिली होती आणि ते पत्र अर्जात दडवले गेले. म्हणजे थकबाकी मुळात नव्हतीच. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ चे कलम ७७ अशाच अर्जदारासाठी आहे. शिक्षा तीन ते पाच वर्षे कैद किंवा एक लाख ते एक कोटी रुपये दंड, अथवा दोन्ही.

पण माहिती खोटी असणे या कलमाला पुरेसे नाही. ती खोटी आहे हे जाणून दिलेली असावी लागते, आणि ते सिद्ध करण्याचा भार अभियोग पक्षावर असतो. मालमत्ता दडवण्याविषयीच्या कलम ६८ मध्ये, फसवणुकीचा हेतू नव्हता असे म्हणणाऱ्याला ते स्वतः सिद्ध करावे लागते. कलम ७७ मध्ये असा परंतुक नाही आणि माझ्या मते नसावाच. आकडा चुकणे आणि आकडा लपवणे यांत फरक उरला नाही, तर प्रामाणिक संचालकही अर्ज करायला धजणार नाही.

‘शेकडो पानांवर सह्या केल्या, लेखा विभागाने दिले ते खरे मानले’ हा बचाव सहज सुचणारा आहे. मुदतवाढीचे पत्र त्याच संचालकाच्या नावे आलेले असेल, ते ज्या बैठकीत वाचले गेले तिच्या इतिवृत्तात त्याची उपस्थिती नोंदलेली असेल, तर बचाव टिकणे कठीण. पत्र नुसतेच कंपनीच्या दप्तरात सापडले, तर तेवढ्याने भागत नाही. शिवाय ही जाणीव सही करतानाच होती, हे दाखवावे लागते.

हा पुरावा जपायचा कोणी? कलम २३६ नुसार विशेष न्यायालय दखल घेते ते नादारी मंडळाच्या किंवा केंद्र सरकारच्या तक्रारीवर. कागद मात्र आधी हाती येतात ते निराकरण व्यावसायिकाच्या. आणि त्याला ३३० दिवसांच्या मर्यादेत कंपनी मार्गी लावायची असते. तक्रार होईपर्यंत संगणक, दप्तर, ईमेल सारे नव्या मालकाकडे गेलेले असू शकते. म्हणून नियुक्तीच्या पहिल्याच आठवड्यात अर्जावर सही करणाऱ्याचा पत्रव्यवहार आणि संचालक मंडळाची इतिवृत्ते यांच्या प्रमाणित प्रती नादारी मंडळाकडे जमा करण्याचे बंधन व्यावसायिकावर घालावे, असे मला वाटते.