नाद खुळा, तोही फुकटात! लॅपटॉपवरच्या वायरींच्या जंजाळातून संगीत कसं काय निघतं?

रील्स स्क्रोल करताना एखादा व्हिडिओ तुमच्याही समोर आला असेल. स्क्रीनवर दोन-चारशे बटणं, लाल दिवे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत लोंबणाऱ्या रंगीत वायरी. बघणाऱ्याला वाटावं, एमएसईबीचा डीपी उघडलाय. पण आवाज येतो तो संगीताचा. कधी पाऊस पडल्यासारखा, कधी तंबोऱ्यासारखा, तर कधी थेट क्लबमधल्या बीटसारखा.

याला म्हणतात मॉड्युलर सिंथेसायझर. रीलमध्ये दिसतो तो बऱ्याचदा व्हर्च्युअल असतो, म्हणजे वायरी खऱ्या नाहीत, सगळा कारभार सॉफ्टवेअरमध्ये. रोज नवनवी पोरं या नादाला लागतायत. बरेच जण दोन दिवसांत सोडून देतात, काही मात्र कायमचे अडकतात. असं का होतं, तेच बघू.

आधी विषय समजून घ्या

साधा कीबोर्ड म्हणजे तयार थाळी. बटण दाबलं की बासरी, दुसरं दाबलं की व्हायोलिन. आवाज आत कसा तयार झाला, हे कळत नाही.

मॉड्युलरमध्ये थाळी मिळत नाही, शिधा मिळतो. कोल्हापूरकरांना हे मिरवणुकीच्या डॉल्बीवरून लगेच कळेल. महाद्वार रोडवर भिंत उभी करणारा ऑपरेटर मिक्सर, क्रॉसओव्हर, अ‍ॅम्प्लिफायर असे सुटे डबे वायरींनी जोडत जातो. कुठली वायर कुठे गेली, यावर आवाज ठरतो. मॉड्युलरचं तत्त्वही हेच. फरक एवढाच की इथं मूळ आवाजसुद्धा डब्यांमधूनच जन्माला येतो.

मुख्य डबे, म्हणजे मॉड्यूल, पाचच आहेत.

- व्हीसीओ: आवाज तयार करतो. याला स्वराचा उगम म्हणा.
- व्हीसीएफ: फिल्टर. आवाजातला तिखटपणा कमी-जास्त करतो.
- व्हीसीए: आवाज किती मोठा जाऊ द्यायचा, ते ठरवतो.
- एडीएसआर: स्वर कसा सुरू होणार, कसा टिकणार आणि कसा विरणार, याचा आराखडा.
- एलएफओ: स्वतः ऐकू येत नाही, पण बाकीच्यांची बटणं आपोआप सावकाश फिरवत राहतो.

या वायरी जोडून जी रचना तयार होते, तिला पॅच म्हणतात.

भारतात हे 1969 मध्येच आलं होतं

1964 च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट मूग आणि डॉन बुकला या दोघांनी एकमेकांपासून लांब, स्वतंत्रपणे अशी यंत्रं बनवायला घेतली. त्यानंतर पाचच वर्षांत, 1969 मध्ये, मूगचा मॉड्युलर सिंथेसायझर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेत, म्हणजे एनआयडीत पोचला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथं स्टुडिओ उभा करून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर काम केलं.

पण त्यांच्या टेप जवळपास कुणी ऐकल्याच नाहीत. त्या संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पुढे ब्रिटिश संगीतकार पॉल परगस यांना त्या सापडल्या आणि 2023 मध्ये '1969 ते 1972' या काळातल्या निवडक रचनांचा अल्बम बाहेर आला. म्हणजे मधे पन्नास वर्षं गेली. यंत्र होतं, कल्पनाही होत्या. पण यंत्र एका खोलीत होतं आणि ते वापरणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. नवशिक्यानं विचारायचं कुणाला, आणि केलेलं दाखवायचं कुणाला?

मग आता काय बदललं?

पहिला बदल पैशाचा. 1990 च्या दशकात जर्मनीच्या डीटर डोफर यांनी युरोरॅक नावाचा छोट्या मॉड्यूलचा साचा आणला आणि जगभरच्या कंपन्या त्याच मापात मॉड्यूल बनवायला लागल्या. तरीही एकेक डबा हजारो रुपयांचा. कामापुरता संच जमवायचा तर लाखाचा विषय.

मग सप्टेंबर 2017 मध्ये अँड्र्यू बेल्ट यांनी व्हीसीव्ही रॅक हे सॉफ्टवेअर आणलं. तोच युरोरॅक, पण कॉम्प्युटरवर. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. प्रो आवृत्तीला पैसे पडतात, पण शिकायला फुकट आवृत्ती पुरून उरते. त्याच्याच कोडवरून तयार झालेलं कार्डिनल तर पूर्ण फुकट आहे आणि थेट ब्राउझरमध्येही उघडतं.

दुसरा बदल जास्त महत्त्वाचा. रॅकचा कोड खुला आहे, त्यामुळे कुणीही मॉड्यूल लिहून वाटू शकतं. म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स या गाजलेल्या कंपनीच्या एमिली जिले यांनी आपल्या खऱ्या मॉड्यूलचा कोडही खुला ठेवला होता. त्यामुळे त्यांची महागडी मॉड्यूल आज रॅकमध्ये फुकट मिळतात.

पहिला पॅच: तंबोऱ्यासारखा सूर

कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटरवर मिरज आहे. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं. तेव्हा सुरुवात तंबोऱ्यापासूनच करू.

रॅकमध्ये मोकळ्या जागेवर राईट क्लिक केलं की मॉड्यूलची यादी उघडते. तीन व्हीसीओ घ्या. पट्टी काळी एक धरली तर पहिल्याची फ्रिक्वेन्सी 138.6 हर्ट्झ ठेवा, हा सा. दुसऱ्याची 104, हा मंद्र पंचम. तिसऱ्याची 69.3, हा खर्ज. आकडा बटणावर राईट क्लिक करून टाइप करता येतो. तिन्हींच्या 'सॉ' आउटपुटमधून वायरी मिक्सरला, मिक्सरमधून फिल्टरला आणि फिल्टरमधून ऑडिओ मॉड्यूलला न्या. शेवटी एक एलएफओ अगदी सावकाश, दहा सेकंदांना एक फेरी, असा लावून फिल्टरच्या कटऑफला जोडा.

हेडफोन लावण्याआधी आवाज कमी ठेवा. फिल्टरचं रेझोनन्स चुकून वाढलं तर कानठळ्या बसतात.

हा आवाज हुबेहूब तंबोऱ्यासारखा येणार नाही. यात तार छेडली जात नाही, जवारीचा दोराही नाही. पण आता चौथा व्हीसीओ घेऊन तो 138.9 वर ठेवा. दोन सा जवळजवळ सारखे, फरक फक्त 0.3 हर्ट्झचा. साधारण दर सव्वातीन सेकंदांनी आवाजात एक लाट उठेल. तंबोरा लावणारे ही लाट ऐकतच तारा जुळवतात. लाट थांबली की जोड जुळली.

पेटीत न बसणारा गंधार

हार्मोनियमवर एक जुना आक्षेप आहे की तिचे स्वर ठरलेल्या जागी बसवलेले असतात, त्यामुळे श्रुती मिळत नाहीत. आकाशवाणीनं तर 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली होती, ती 1971 मध्ये शिथिल झाली. गोविंदराव टेंबेंसारखा पेटीवादक देणाऱ्या कोल्हापूरला हा वाद नवा नाही.

मॉड्युलरमध्ये हा वाद कानानं तपासता येतो. इथं स्वर म्हणजे व्होल्टेज. एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक वर जातो. कीबोर्डच्या समान पट्टीतला शुद्ध गंधार 0.333 व्होल्टवर येतो, तर तंबोऱ्यातून ऐकू येणारा नैसर्गिक गंधार 0.322 वर. काळी एकमध्ये हाच फरक 174.6 आणि 173.25 हर्ट्झचा. आपण केलेल्या सुरावर दोन्ही आळीपाळीनं वाजवा. एक विरघळतो, दुसरा किंचित टोचतो. ज्याला हा फरक ऐकू आला, त्याला पुस्तकातली श्रुती वेगळी समजवावी लागत नाही.

नवखे अडकतात कुठे?

पहिली चूक, पहिल्याच दिवशी शेकडो मॉड्यूल डाउनलोड करणं. मग कशालाच हात लावावासा वाटत नाही. निदान महिनाभर रॅकसोबत येणाऱ्या 'फंडामेंटल' संचावरच काम केलेलं बरं.

दुसरी, रीलमधला मोठा पॅच जसाच्या तसा जोडायला जाणं. तो माणूस शेकडो छोटे पॅच करून तिथवर आलेला असतो.

तिसरी अडचण लॅपटॉपची. आवाज तुटायला लागला तर एफ3 दाबा, कुठलं मॉड्यूल प्रोसेसर खातंय ते दिसतं.

मंडळात सामील कसं व्हायचं?

या छंदातली मंडळी एकमेकांना नुसतं गाणं पाठवत नाहीत, पॅचची फाईल पाठवतात. त्या फाईलमध्ये सगळ्या वायरी आणि बटणांच्या जागा जशाच्या तशा असतात. ती उघडा, एक वायर काढा आणि काय बिघडलं ते ऐका. गुरूनं वही उघडी ठेवून बाहेर जावं, तसलं हे काम.

मदत मागतानाही हेच लक्षात ठेवायचं. 'आवाज येत नाही, काय करू?' याला कुणी उत्तर देऊ शकत नाही. पॅच जोडा, कुठली मॉड्यूल वापरली ते लिहा, काय करून बघितलं ते सांगा. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी अडत नाही, कारण वायरी सगळ्यांना सारख्याच वाचता येतात. एखाद्याचा पॅच घेऊन काही केलं तर त्याचं नाव लिहा. आणि आपला पॅच अर्धवट असला तरी टाका. अर्धवट पॅचवरच लोक जास्त बोलतात.

मराठीत मात्र या विषयावर सांगणारे अजून फार कमी आहेत. काळी एकची पट्टी, खर्ज, जवारी हे शब्द ज्यांच्या घरात आहेत, त्यांच्याकडे या मंडळाला देण्यासारखं बरंच आहे. एनआयडीच्या टेपना ऐकणारे मिळायला पन्नास वर्षं लागली. आजचा पॅच रात्री सेव्ह केला तर सकाळपर्यंत कुणीतरी उघडून बघितलेला असू शकतो. पण त्यासाठी तो पाठवावा लागतो.