गोचीड काढताना हात सांभाळा



म्हशीच्या कासेवरचा गोचीड चिमटीत धरून ओढायचा आणि तिथेच चिरडायचा, ही आपल्याकडची नेहमीची रीत. गोचिडामुळे दूध घटते, जनावराला थायलेरिओसिस, बबेसिओसिससारखे रोग होतात, हे आपण जाणताच. परंतु काही गोचिडांपासून माणसालाही जीवघेणा आजार होऊ शकतो.

क्रिमियन-काँगो ताप हा असाच एक विषाणूजन्य आजार. भारतात तो प्रथम जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत आढळला. त्या वेळी रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिकाही दगावल्या. गुजरातेतील रुग्णांमुळे सप्टेंबर २०२० मध्ये शेजारच्या पालघर जिल्ह्यातही सावधगिरीचा इशारा देण्यात आला. हा जिल्हा २०१४ पर्यंत ठाण्याचाच भाग होता. ठाणे, कल्याण-डोंबिवलीच्या तबेल्यांत बाहेरून म्हशी येतात, मुरबाडजवळ म्हशाच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो. जनावराबरोबर गोचीडही प्रवास करतो.

हा विषाणू मुख्यतः हायलोमा जातीच्या गोचिडांमार्फत पसरतो. बाधित जनावराच्या रक्तात तो सुमारे आठवडाभर राहतो, पण जनावर आजारी दिसत नाही. म्हणून गोचीड चावल्याने, चिरडल्याने किंवा जनावराचे रक्त जखमेला लागल्याने माणसाला लागण होऊ शकते. पशुवैद्यक, पशुधन पर्यवेक्षक, खाटीक आणि गोठ्यात राबणारे आपण सर्वांनी म्हणूनच काळजी घ्यावी.

गोचीड काढताना रबरी हातमोजे घालावेत. बारीक चिमट्याने तो कातडीलगत धरून सरळ ओढावा. बोटांनी चिरडू नये, रॉकेल लावू नये, चटका देऊ नये. काढलेले गोचीड साबणाच्या पाण्यात बुडवून मारावेत व हात साबणाने धुवावेत. अंगभर कपडे घालावेत आणि काम संपल्यावर स्वतःचे अंगही तपासावे. विताना, जखम बांधताना किंवा खच्चीकरणाच्या वेळी डॉक्टरांना मदत करणाऱ्यानेही उघडे हात वापरू नयेत.

गोचिडाची मादी गोठ्याच्या भेगांत हजारो अंडी घालते. त्यामुळे केवळ जनावरावर औषध मारून भागत नाही. भेगा बुजवाव्यात आणि पशुवैद्यकाने सांगितलेल्या औषधाची, सांगितलेल्या प्रमाणातच, गोठ्यात फवारणी करावी. नवे जनावर तपासून, गोचीडमुक्त करूनच कळपात सोडावे.

गोचीड चावल्यावर किंवा रक्ताशी संपर्क आल्यावर दोन आठवड्यांत अचानक ताप, तीव्र अंगदुखी, उलट्या किंवा रक्तस्राव झाल्यास घरगुती उपायांत वेळ दवडू नये. ताबडतोब रुग्णालय गाठावे आणि "मी जनावरांत काम करतो, गोचीड चावला होता," हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. एवढ्या एका वाक्याने निदान लवकर होऊ शकते व उपचार करणारेही सावध होतात.