निष्कास यंत्रणेतील बदल आणि चालककक्षातील घुमणारा नाद : कारणमीमांसा व उपाययोजना

प्रस्तावना

अमेरिकेत 'ट्रक' हा शब्द केवळ अवजड मालवाहू वाहनाला लावला जात नाही. मागे उघडा हौदा असलेले पिकअप वाहनही तेथे ट्रक म्हणूनच ओळखले जाते. शेतकरी, सुतार व बांधकाम कंत्राटदार यांचे ते रोजच्या कामाचे साधन आहे आणि अनेकांच्या हौसेचाही विषय आहे. आठ सिलिंडरच्या इंजिनाचा आवाज अधिक भारदस्त व्हावा, म्हणून मूळ सायलेन्सर काढून कमी अडथळ्याचा सायलेन्सर व जाड नळी बसवण्याची प्रथा तेथे जुनी आहे. गॅरेजमधून बाहेर पडताना हा आवाज मालकाला सुखावतो. मात्र गाडी महामार्गावर ठराविक वेगाला स्थिरावली, की केबिनमध्ये एक खर्जातला, एकसुरी नाद घुमू लागतो. तो कानठळ्या बसवत नाही. परंतु तासाभरात डोके जड होते, शेजारच्या माणसाशी बोलणे नकोसे वाटते. वेग थोडा कमी-अधिक केला, तर तोच नाद जवळजवळ नाहीसा होतो. इंग्रजीत या प्रकारास 'ड्रोन' अशी संज्ञा रूढ आहे.

या त्रासावर वाहनमालक जाड चटया, फोमचे थर, आणखी एक सायलेन्सर असे उपाय अंदाजाने करीत जातात. खर्च होतो, नाद मात्र राहतो. असे का घडते, याची उकल पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवल्या जाणाऱ्या ध्वनिशास्त्राच्या आधारे करता येते. प्रस्तुत लेखात या नादाची कारणे, त्याचे निदान व त्यावरील उपाय यांचे क्रमाने विवेचन केले आहे. घुमणारा नाद ही मोठ्या आवाजाची समस्या नसून जुळून आलेल्या वारंवारतांची समस्या आहे, आणि म्हणून मोजमापाआधी केलेला उपाय बहुधा वाया जातो, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. इंजिनाच्या स्फोटांची वारंवारता

चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे एकदा ज्वलन होते. त्यामुळे निष्कास नळीत येणाऱ्या दाबाच्या ठोक्यांची वारंवारता पुढील सूत्राने मिळते :

वारंवारता = (दर मिनिटाचे फेरे ÷ ६०) × (सिलिंडरची संख्या ÷ २)

आठ सिलिंडरचे इंजिन मिनिटाला १,८०० फेऱ्यांनी चालत असेल, तर ही वारंवारता ३० × ४ म्हणजे १२० हर्ट्झ येते. आधुनिक पिकअप वाहने महामार्गावर साधारणतः १,५०० ते २,००० फेऱ्यांच्या पट्ट्यात चालतात. म्हणजे मूळ स्वर १०० ते १३३ हर्ट्झच्या दरम्यान पडतो.

इंधनबचतीच्या तंत्रामुळे यात आणखी एक गुंतागुंत आली आहे. जनरल मोटर्सच्या २००७ च्या शेव्हरोले सिल्व्हराडो पिकअपमध्ये आठ सिलिंडरच्या इंजिनातील चार सिलिंडर हलक्या भाराखाली बंद ठेवण्याची सोय होती. चारच सिलिंडर चालू राहिले, की १,८०० फेऱ्यांना वारंवारता निम्मी, म्हणजे ६० हर्ट्झ होते. मूळ सायलेन्सरची रचना या दोन्ही अवस्था लक्षात घेऊन केलेली असते. बदललेल्या सायलेन्सरमध्ये तशी तजवीज नसेल, तर सपाट रस्त्यावर संथपणे जातानाच केबिन अधिक घुमते.

२. नळी व सायलेन्सर यांचे कार्य

सायलेन्सर स्थूलमानाने दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात पोकळ्या, आडवे पडदे व छिद्रांच्या नळ्या असतात. त्यांवरून ध्वनितरंग परावर्तित होऊन एकमेकांना छेद देतात. दुसऱ्या प्रकारात सरळ छिद्रयुक्त नळीभोवती काचतंतू भरलेले असतात आणि ते ध्वनिऊर्जा शोषतात. हौसेने बसवले जाणारे सायलेन्सर बहुतांशी दुसऱ्या प्रकारचे असतात. काचतंतू उच्च वारंवारतेचा कर्कशपणा चांगला शोषतात. शंभर हर्ट्झच्या आसपासचा खर्ज मात्र त्यांतून फारसा न अडता निघून जातो. म्हणून नवा आवाज गॅरेजच्या दारात 'गोड' आणि महामार्गावर त्रासदायक वाटतो.

याशिवाय सायलेन्सरपासून मागच्या टोकापर्यंतची नळी ही स्वतः एक वाद्यनलिका असते. दोन्ही टोके उघडी मानल्यास तिची पहिली नैसर्गिक वारंवारता ध्वनीचा वेग भागिले लांबीची दुप्पट इतकी असते. येथे ध्वनीचा वेग ३४३ मीटर प्रतिसेकंद धरणे ही नेहमीची चूक होय. तो निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो आणि २५० अंश सेल्सिअसच्या वायूत सुमारे ४६० मीटर प्रतिसेकंद असतो. हौद्याखालून जाणारी नळी दोन मीटर लांब असेल, तर तिची नैसर्गिक वारंवारता ४६० ÷ ४, म्हणजे ११५ हर्ट्झ येते. इंजिन १,७२५ फेऱ्यांवर आले, की त्याचे ठोकेही नेमके ११५ हर्ट्झला पडतात आणि अनुनाद घडतो.

३. केबिनची पोकळी

तिसरा घटक केबिन. समोरची काच व मागची भिंत यांमध्ये कोंडलेल्या हवेचीही नैसर्गिक वारंवारता असते. हे अंतर १.५ मीटर असल्यास ती ३४३ ÷ ३, म्हणजे सुमारे ११४ हर्ट्झ, आणि दुहेरी आसनांच्या २.२ मीटर लांब केबिनमध्ये सुमारे ७८ हर्ट्झ येते. अशा स्थिर तरंगात दाबाचा चढ-उतार दोन्ही टोकांशी सर्वाधिक असतो. एकेरी आसनाच्या पिकअपमध्ये चालकाचे डोके मागच्या भिंतीलगत, म्हणजे नेमक्या त्याच जागी असते. शिवाय मागची भिंत व तळाचा पत्रा स्वतः कंप पावून बाहेरचा नाद आत पोहोचवतात.

वरील आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. वाहनागणिक ते बदलतील. परंतु इंजिनाचे ठोके, नळी व केबिन यांच्या वारंवारता एकमेकींजवळ आल्या, की मधल्या कोणत्याही एका घटकाने समजावून न सांगता येणारा नाद निर्माण होतो, ही गोष्ट त्यांवरून स्पष्ट व्हावी.

४. ध्वनिमापकाची मर्यादा

चालक त्रासाची तक्रार करतो, पण ध्वनिमापक 'आवाज मर्यादेत आहे' असे दाखवतो, हा अनुभव खोटा नाही. सामान्यतः वापरली जाणारी 'ए' भारित डेसिबल श्रेणी खर्जाचे मूल्य मोठ्या प्रमाणात कमी धरते. १२५ हर्ट्झला ती सुमारे १६ डेसिबल व ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबल वजा करते. म्हणजे ६३ हर्ट्झचा ९० डेसिबलचा नाद त्या श्रेणीत अवघा ६४ दिसतो. 'सी' भारित श्रेणीत ही वजावट या पट्ट्यात एक डेसिबलपेक्षाही कमी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या सामुदायिक गोंगाटविषयक मार्गदर्शक पुस्तिकेत याची दखल घेतलेली आहे : दोन्ही श्रेणींच्या वाचनांत १० डेसिबलहून अधिक फरक पडल्यास वारंवारतेचे स्वतंत्र विश्लेषण करावे, असे तीत सुचवले आहे. सर्वसामान्य वाहनमालकालाही ही कसोटी सहज वापरता येईल.

५. निदानाची पद्धत

कोणताही खर्च करण्यापूर्वी पुढील चार गोष्टी तपासाव्यात. निरीक्षणे सहप्रवाशाने नोंदवावीत, चालकाने नव्हे.

(अ) नाद ज्या फेऱ्यांना सर्वाधिक असतो तो आकडा लिहून घ्यावा व पहिल्या सूत्राने वारंवारता काढावी. भ्रमणध्वनीवरील वर्णपट दाखवणाऱ्या उपयोजनाने तिची खात्री करून घेता येते.

(आ) गाडीचा वेग तोच ठेवून गिअर बदलावा. नाद गेला, तर त्याचे मूळ इंजिन व निष्कास यंत्रणेत आहे. तो कायम राहिला, तर टायर किंवा चाकांकडे जाणारा दांडा तपासावा. सायलेन्सरला दोष देऊ नये.

(इ) काच थोडी खाली करावी. नादात मोठा फरक पडल्यास केबिनच्या पोकळीचा वाटा मोठा आहे असे समजावे.

(ई) गाडी थंड असताना नळी चासीला कोठे टेकते का, रबरी टांगण्या ताठ ओढल्या गेल्या आहेत का आणि जोडांतून वायू गळतो का, हे पाहावे. लोखंडाला लोखंड टेकले असेल, तर कंप हवेच्या मार्गाने न येता थेट सांगाड्यातून येतो आणि ध्वनिशास्त्रीय उपाय निष्फळ ठरतात.

६. उपाययोजना

पहिला उपाय यांत्रिक दुरुस्तीचा आहे. टेकलेली नळी मोकळी करणे, टांगण्या बदलणे व गळती बंद करणे यांस खर्च कमी येतो. नळीचे तोंड केबिनजवळ, मागच्या चाकाच्या पुढेच सोडले असेल, तर ते गाडीच्या मागच्या टोकापर्यंत न्यावे.

दुसरा उपाय पाव तरंगलांबीच्या बंद शाखेचा. मुख्य नळीला एका टोकाने बंद अशी उपनळी जोडली, की तीत शिरलेला तरंग बंद टोकावरून परतताना एकूण अर्धी तरंगलांबी चालून येतो आणि विरुद्ध कलेत मुख्य तरंगाला भेटून त्याला क्षीण करतो. प्रयोगशाळेतील अनुनाद नलिकेत विद्यार्थी जे सूत्र वापरतात तेच येथे लागू पडते : लांबी = ध्वनीचा वेग ÷ (४ × वारंवारता). शाखेतून वायू वाहत नसल्याने ती मुख्य नळीपेक्षा थंड असते. तिचे तापमान १५० अंश धरल्यास ध्वनीचा वेग सुमारे ४१२ मीटर प्रतिसेकंद व ११५ हर्ट्झसाठी लांबी सुमारे ९० सेंटिमीटर येते. सामान्य तापमानाचा वेग घेतला असता, तर उत्तर ७५ सेंटिमीटर आले असते आणि शाखा भलत्याच स्वराला जुळली असती. म्हणून शाखा प्रथम थोडी लांब ठेवून, रस्त्यावर चाचणी घेत कमी करीत आणावी. ती जोडण्याची जागाही महत्त्वाची आहे. दाबाचा चढ-उतार जेथे सर्वाधिक असतो तेथेच ती परिणाम करते. वरील उदाहरणात ही जागा दोन मीटर नळीच्या मध्याजवळ येते. मात्र तिचा प्रभाव अरुंद पट्ट्यापुरता असतो. ६० व १२० हर्ट्झ अशा दोन नादांसाठी दोन स्वतंत्र शाखा लागतील.

जागा अपुरी असल्यास हेल्महोल्ट्झ अनुनादक, म्हणजे अरुंद मानेने जोडलेली बंद पोकळी, हेच कार्य कमी लांबीत करते. दुहेरी नळ्यांच्या यंत्रणेत दोन्ही बाजूंना जोडणारी आडवी किंवा फुलीच्या आकाराची नळीही उपयुक्त ठरते. आडव्यातिडव्या क्रँकच्या आठ सिलिंडर इंजिनात एकेका बाजूचे ठोके असमान अंतराने पडतात. दोन्ही प्रवाह जोडल्याने ती विषमता बरीच कमी होते.

केबिनमधील अस्तरांविषयी अपेक्षा मर्यादित ठेवाव्यात. ११५ हर्ट्झची हवेतील तरंगलांबी सुमारे तीन मीटर असते. सच्छिद्र फोमने ती शोषायची, तर त्याची जाडी पाव तरंगलांबीच्या, म्हणजे ७५ सेंटिमीटरच्या जवळपास हवी. दोन-तीन सेंटिमीटरचा थर येथे निरुपयोगी आहे. पत्र्याला चिकटवण्याच्या जड चटया पत्र्याचा कंप कमी करतात. तेवढाच त्यांचा उपयोग.

विरुद्ध कलेचा ध्वनी निर्माण करून नाद मिटवण्याच्या कल्पनेला पॉल ल्यूग यांनी १९३६ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळवले. आज अनेक वाहनांत ध्वनिवर्धकांद्वारे ही सोय असते. परंतु ती मूळ निष्कास यंत्रणेला जुळवलेली असल्याने, सायलेन्सर बदलल्यावर तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

७. कायदा व आपल्याकडील संदर्भ

अमेरिकेत आंतरराज्य वाहतुकीतील व्यापारी वाहनांच्या केबिनमध्ये ९० 'ए' डेसिबलची मर्यादा आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणे तेथील स्वच्छ हवा कायद्यानुसार निषिद्ध आहे. वरील सर्व उपाय कन्व्हर्टरच्या पुढील भागापुरतेच आहेत. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या बदलांना मनाई करते, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० सायलेन्सर बंधनकारक करतो आणि ध्वनिमर्यादेच्या भंगासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. महाराष्ट्रातील शहरांत जप्त सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांतून आपण पाहतो. ही कारवाई रस्त्यावरच्या लोकांच्या कानांसाठी आहे आणि ती योग्यच आहे. चालकाच्या कानांचा प्रश्न मात्र तिच्या कक्षेत येत नाही.

१ ऑक्टोबर २०२५ पासून निर्मित मध्यम व अवजड मालवाहू वाहनांच्या केबिनमध्ये वातानुकूलन बंधनकारक झाले आहे. चालकाच्या दृष्टीने हा स्वागतार्ह बदल आहे. परंतु काचा बंद राहू लागल्यावर वाऱ्याचा गोंगाट कमी होऊन खर्जाचा नाद अधिक जाणवणे शक्य आहे. मोजमाप करताना केवळ 'ए' श्रेणीवर विसंबून न राहण्याची गरज आपल्याकडेही त्यामुळे वाढणार आहे.

निष्कर्ष

१. केबिनमधील घुमणारा नाद इंजिनाचे ठोके, निष्कास नळी व केबिनची पोकळी यांच्या वारंवारता जुळल्याने उद्भवतो.

२. 'ए' भारित मापन हा त्रास कमी लेखते. 'सी' श्रेणीशी तुलना व वर्णपटाचे निरीक्षण आवश्यक आहे.

३. यांत्रिक दोष दूर केल्यानंतर, तापमान विचारात घेऊन जुळवलेली बंद शाखा हा नेमका व अल्पखर्चिक उपाय आहे. फोमचे अस्तर या वारंवारतेला निरुपयोगी आहे.

४. दुरुस्ती होईपर्यंत गिअर बदलून ती फेऱ्यांची पट्टी टाळणे, हा विनाखर्च उपाय प्रत्येक चालकाच्या हाती आहे.

पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत अनुनाद नलिकेचा प्रयोग बहुधा ध्वनीचा वेग काढून संपतो. त्याला जोडून एखाद्या वाहनाच्या केबिनमधील नादाचे मापन प्रकल्प म्हणून दिल्यास, वहीतले सूत्र चालकाच्या रोजच्या त्रासाशी कसे निगडित आहे, हे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष अनुभवता येईल.