बोलणारे यंत्र आणि बिचकणारा कारखानदार

‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ हा शब्दप्रयोग १९९९ साली केव्हिन ॲश्टन या इंग्रज गृहस्थांनी रूढ केला. अर्थ सोपा आहे. यंत्राला सेन्सर बसवायचा, त्याने उष्णता, कंपन, विजेचा प्रवाह मोजायचा आणि ते आकडे दूरच्या संगणकाकडे धाडायचे. जुना फिटर स्क्रू-ड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवी, मूठ कानाला लावी आणि ‘हे आता जाणार’ असे सांगे. सेन्सर तेच करतो; मात्र तो रात्रपाळीलाही जागा असतो आणि ऐकलेले लिहून ठेवतो.

मग कारखानदार मागे का सरतो? त्याला अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. लहान कारखान्याचा मालक म्हणतो, ‘माझा लेथ तीस वर्षांचा, त्याला संगणक कुठे जोडू?’ याला उत्तर आहे. मोटारीकडे जाणाऱ्या एका तारेभोवती चिमट्यासारखे कडे अडकवले, की ती किती वीज ओढते ते कळते. आणि त्यावरून यंत्र धातू कापत होते, रिकामे फिरत होते की बंदच होते, याचा अंदाज येतो. यंत्र उघडावे लागत नाही. सगळा कारखाना एकदम जोडूच नये. ज्या एका यंत्रापाशी सर्वांचे काम अडते, तेथे सहा महिने करून पाहावे आणि वाचलेले तास वहीत मांडावे. विक्रेत्याच्या रंगीत पुस्तिकेपेक्षा मालकाचा स्वतःच्या वहीवर अधिक विश्वास असतो.

चोरवाटेची भीती अधिक सयुक्तिक आहे. मार्च २०१९ मध्ये नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या ॲल्युमिनियम कंपनीच्या संगणकांवर खंडणीखोरांनी हल्ला केला. कंपनीने खंडणी दिली नाही, झाले ते जगाला सांगितले आणि अनेक ठिकाणी कामगारांनी हाताने काम चालू ठेवले. म्हणून कार्यालयाचे जाळे व यंत्रांचे जाळे वेगळे ठेवावे, सेन्सरबरोबर आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि हाताने काम जाणणारा माणूस म्हातारा झाला म्हणून घालवू नये.

आता मालक ज्याबद्दल बोलत नाहीत ते. लेथ किती वेळ थांबला हे कळले, की लेथवाला लघुशंकेला किती वेळ गेला हेही कळते. कामगाराला हे पहिल्या दिवशी उमगते. मग सेन्सरची वायर ‘आपोआप’ सुटते, आणि साहेब म्हणतात, कामगार प्रगतीच्या आड येतात!

‘इंडस्ट्री ४.०’ची घोषणा २०११ साली जर्मनीत, हानोव्हरच्या मेळ्यात झाली. त्याच जर्मनीत १९७२ च्या कायद्यान्वये, कामगारांच्या वागणुकीवर वा कामावर देखरेख ठेवू शकणारे साधन बसवताना कारखान्यातील निर्वाचित कामगार-मंडळाची संमती लागते. वाटाघाट आधी, साधन नंतर. त्यामुळे तेथील उद्योग बुडाले नाहीत.

मी स्वतः करारात तीन अटींचा आग्रह धरतो. आकडे यंत्राच्या नावे नोंदवावेत, कामगाराच्या नव्हे. त्यांवरून कुणाला मेमो देऊ नये. आणि आकड्यांचा पडदा शॉपमध्ये, सर्वांना दिसेल असा लावावा. ही तिसरी अट मालकांना सर्वांत जड जाते. कारण कच्चा माल वेळेवर न आल्यामुळे यंत्र किती तास उभे होते, तेही त्याच पडद्यावर दिसते.